अहरोनाचा वारसा कोणाकडे गेला?

इ.स. 70 च्या उन्हाळ्यात रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने यरुशलेममधले मंदिर जाळले. त्या आगीत एक इमारत गेली आणि तिच्याबरोबर हजारो माणसांचे पिढीजात कामही गेले. सकाळ-संध्याकाळ वेदीवर कोकरू अर्पण करणारे, धूप जाळणारे, दिव्यांत तेल घालणारे, दारांवर पहारा देणारे, स्तोत्रे गाणारे असे सगळे याजक आणि लेवी रिकामे झाले. पशुबलीची ती उपासना पुन्हा कधी उभी राहिली नाही.

त्यानंतर सुमारे 180 वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात सिप्रियन नावाचा एक बिशप आपल्या पत्रांतून बिशपच्या पदाला सरळ ‘याजक’ म्हणताना दिसतो. त्याच्या चर्चमध्ये बळी द्यायला पशू नव्हते. तो लेवीच्या वंशातला नव्हता, यहुदीही नव्हता. तरी मोशेच्या काळातले नियम, दाखले आणि दरारा तो हक्काने आपल्या पदाला लावत होता. यरुशलेममध्ये विझलेले पद कार्थेजमध्ये पेटले कसे?

ख्रिस्ती धर्म यहुदी धर्मातून निघाला, तेव्हा याजकपदही त्याच वाटेने आले असणार, असे चटकन वाटते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. ख्रिस्ती मंडळीतली पहिली पदे मंदिरातून आली नाहीत. मंदिराची भाषा त्यांना मागाहून चिकटली. ती चिकटली तेव्हा चर्चने मोशेचा भाऊ आणि पहिला महायाजक अहरोन याच्या पदातले जवळजवळ सगळे उचलले: श्रेणी, उपजीविकेचा हक्क, यज्ञ, तेल. फक्त वंश उचलला नाही. दोन हजार वर्षांचा हा देवघेवीचा हिशेब या प्रकरणात मांडायचा आहे.

जन्माने मिळणारी सेवा

इस्राएलाच्या बारा वंशांपैकी लेवीचा वंश उपासनेच्या सेवेसाठी वेगळा काढला होता आणि त्या वंशातले अहरोनाचे एकच घराणे याजक होते. म्हणजे प्रत्येक याजक लेवी असे, पण प्रत्येक लेवी याजक नसे. गणनेच्या पुस्तकात लेव्यांची कामे घराण्यांनुसार वाटून दिली आहेत. रानातल्या प्रवासात निवासमंडपाचे पडदे गेर्षोनाच्या घराण्याने वाहायचे, फळ्या आणि खांब मरारीच्या घराण्याने, कोश आणि वेदी यांसारख्या पवित्र वस्तू कहाथाच्या घराण्याने. त्यातही त्या वस्तू याजकांनी झाकून दिल्यावरच कहाथाच्या माणसांनी उचलायच्या, उघड्या वस्तूंना हात लावायचा नाही. सेवेचे वय तीस ते पन्नास.

याजकाचे काम आपण समजतो त्यापेक्षा बरेच पसरलेले होते. वेदीवर रक्त शिंपडणे आणि चरबी जाळणे हा त्यातला एक भाग. लोकांना नियमशास्त्र शिकवणे, शुद्ध-अशुद्ध ठरवणे, अंगावरचा चट्टा कुष्ठाचा आहे की नाही हे तपासून माणसाला छावणीबाहेर काढणे किंवा परत घेणे, दर शब्बाथाला बारा समर्पित भाकरी बदलणे आणि लोकांना आशीर्वाद देणे हेही त्याच्याचकडे होते. पुरोहित, शिक्षक आणि आरोग्य-निरीक्षक एकाच झग्यात होते म्हणा.

या सेवेचा मोबदला जमिनीत मिळत नसे. लेव्यांना इतर वंशांसारखा सलग प्रदेश मिळाला नाही, देशभर विखुरलेली 48 नगरे मिळाली. लोकांनी लेव्यांना उत्पन्नाचा दहावा भाग द्यायचा आणि लेव्यांनी त्या दशांशाचा दशांश याजकांना द्यायचा. शांत्यर्पणाच्या पशूचा ऊर आणि उजवी मांडी याजकाची, होमार्पणाचे कातडेही त्याचेच. दशांश, जमीन आणि उपजीविका यांची ही सांगड पुढे चर्चच्या इतिहासात वारंवार भेटेल.

पदग्रहणाचा विधी सात दिवस चाले. अहरोन आणि त्याच्या मुलांना पाण्याने धुतले, वस्त्रे चढवली, अभिषेकाचे तेल लावले आणि मेंढ्याचे रक्त उजव्या कानाची पाळी, उजव्या हाताचा अंगठा आणि उजव्या पायाचा अंगठा यांना लावले. महायाजकाच्या ऊरपटावर बारा वंशांची नावे कोरलेली बारा रत्ने होती. तो वेदीपुढे उभा राहिला की सगळे राष्ट्र त्याच्या छातीवर असे. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, हा भरजरी वेष उतरवून साध्या तागाच्या कपड्यांत तो परमपवित्रस्थानात जाई. एरवी तिथे कोणीच जात नसे.

पात्रतेची यादीही जन्माशी आणि शरीराशी बांधलेली होती. लेवीयच्या एकविसाव्या अध्यायात आंधळा, लंगडा, हात किंवा पाय मोडलेला, कुबडा अशी व्यंगांची जंत्री आहे. असा माणूस अहरोनाच्या घराण्यातला असला तर याजकांचे अन्न खाऊ शके, पण वेदीजवळ जाऊ शकत नसे. त्याचा जन्म त्याला ताटावर बसवी, शरीर त्याला वेदीपासून अडवी.

हे चित्र एकदम आणि एकरूप तयार झाले असे मात्र नाही. बायबलमध्येच जुन्या वेगळ्या प्रथांच्या खुणा आहेत. दाविदाच्या मुलांना एके ठिकाणी याजक म्हटले आहे. शलमोनाने अब्याथाराला दूर करून सादोकाला नेमले, म्हणजे याजकपदात राजकारण शिरले होते. अनुवादाच्या पुस्तकात याजक आणि लेवी यांच्यातली रेघ पुसट आहे, तर यहेज्केलाने ती ठसठशीत करून वेदी फक्त सादोकाच्या वंशजांकडे ठेवली. बाबेलच्या बंदिवासानंतर राजा उरला नाही तेव्हा महायाजक हाच लोकांचा पुढारी झाला. इ.स.पू. 152 मध्ये मक्काबी घराण्यातल्या योनाथानाने हे पद परकीय राजाकडून मिळवले आणि रोमन अमलात तर महायाजक सुभेदाराच्या मर्जीने बसू-उठू लागले. येशूच्या चौकशीत दिसणारा कयफा सुमारे इ.स. 18 ते 36 पदावर टिकला, हा त्या काळी मोठाच पल्ला.

कोरहाचा प्रश्न

या व्यवस्थेवरचा पहिला हल्ला बायबलमध्येच नोंदलेला आहे आणि तो घरातूनच झाला. कोरह हा लेवी, अहरोनाचा चुलतभाऊ. 250 प्रमुख माणसे जमवून त्याने मोशे आणि अहरोन यांना विचारले की सगळीच मंडळी पवित्र आहे, देव सगळ्यांच्याच मध्ये आहे, तर तुम्ही स्वतःला वरचढ का करता? वरवर पाहता ही भाऊबंदकी होती, पण प्रश्न खरा होता. सीनायच्या पायथ्याशी देवाने सगळ्या इस्राएलालाच याजकांचे राज्य म्हटले होते. सगळे राष्ट्र याजक असेल तर एक घराणे अधिक याजक कसे?

गणनेच्या कथेत कोरहाचा शेवट भयंकर होतो. जमीन दुभंगते, धुपाटणी घेऊन आलेले 250 जण आगीत जळतात. त्यांची पितळी धुपाटणी ठोकून त्यांचे पत्रे वेदीला मढवले जातात, म्हणजे पाहणाऱ्याला आठवण राहावी. मग बारा वंशांच्या बारा काठ्या मंडपात ठेवल्या जातात आणि एकट्या अहरोनाच्या काठीला कळ्या, फुले आणि बदाम येतात. कथेने निकाल दिला. प्रश्न मात्र मेला नाही. चर्चमध्ये पदांवरून भांडण झाले की एका बाजूने कोरहाचे नाव घेतले जाते आणि दुसऱ्या बाजूने, नाव न घेता, कोरहाचाच युक्तिवाद केला जातो.

मंदिराशेजारचे दुसरे घर

येशूच्या काळी यहुदी माणसाचे धार्मिक जीवन दोन ठिकाणी चाले. मंदिर एकच, यरुशलेममध्ये. सभास्थाने मात्र गावोगावी, रोमपासून बाबेलपर्यंत. मंदिरात यज्ञ, सभास्थानात वाचन, प्रार्थना आणि शिकवण. मंदिरात पद वंशाने येई. 24 याजकवर्ग पाळीपाळीने एकेक आठवडा सेवेला येत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या अशाच अबीयाच्या वर्गातला याजक होता. सभास्थानात कारभार वडीलमंडळ आणि सभास्थानाचा अधिकारी पाहत.

यरुशलेममध्ये 1913-14 च्या उत्खननात एक ग्रीक शिलालेख मिळाला. थिओदोतस नावाच्या माणसाने नियमशास्त्राच्या वाचनासाठी, शिकवणीसाठी आणि परदेशाहून येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी सभास्थान बांधल्याचे त्यात लिहिले आहे. तो स्वतःला याजक आणि सभास्थानाचा अधिकारी अशा दोन पदव्या लावतो आणि वडीलमंडळाचाही उल्लेख करतो. एकाच माणसाकडे दोन्ही पदे असू शकत, पण ती दोन वेगळी पदे होती, हे या दगडावर स्वच्छ दिसते.

ख्रिस्ती मंडळी या दुसऱ्या घराच्या अंगणात वाढली. पौल आणि बर्णबा यांनी गावोगावच्या मंडळ्यांत नेमले ते ‘वडील’. हा बर्णबा स्वतः कुप्रातला लेवी होता. प्रेषितांची कृत्ये सांगतात की पुष्कळ याजकांनीही नवा विश्वास स्वीकारला. तरीही या लेव्याला किंवा त्या याजकांना जन्माच्या जोरावर मंडळीत काही खास पद मिळाल्याचा उल्लेख नाही. यरुशलेमच्या विधवांच्या अन्नवाटपावरून तक्रार झाली तेव्हा सात जण निवडले गेले, त्यांची निवड सगळ्या समुदायाने केली आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले.

नव्या करारातली रिकामी जागा

नव्या करारात तीन पदनामे वारंवार येतात: अध्यक्ष, वडील आणि सेवक. पुढे यांतूनच बिशप, प्रेस्बिटर आणि डीकन घडले. सुरुवातीला पहिल्या दोहोंत फरक नव्हता. इफिसच्या ज्या वडिलांना पौल निरोप देतो, त्यांनाच तो अध्यक्षही म्हणतो. किंख्रियाच्या मंडळीतली फिबी ही स्त्री सेवक म्हणून नोंदलेली आहे. मात्र मंदिरातल्या याजकासाठी असलेला शब्द नवा करार ख्रिस्ती मंडळीच्या कोणत्याही एका अधिकाऱ्याला लावत नाही. तो दोघांनाच लागतो: एकट्या येशूला आणि सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळून.

येशूला तो लावताना अडचण होती. तो यहूदाच्या वंशातला, त्या वंशाचा वेदीशी संबंध नाही. इब्री लोकांस लिहिलेले पत्र हे मोकळेपणी मान्य करते आणि वाट काढते ती अहरोनाच्याही मागे जाऊन. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात मलकीसदेक नावाचा एक राजा-याजक अब्राहामाला भेटतो. त्याचे आईबाप, वंशावळ, जन्म, मृत्यू काहीच सांगितलेले नाही. येशू या मलकीसदेकाच्या परंपरेतला महायाजक, असे पत्राचे म्हणणे. वंशावळ नसलेला याजक शोधून काढला, तेव्हाच वंशाचा नियम मोडला. दुसरीकडे पेत्राचे पहिले पत्र सीनायवरचे वचन उचलून सगळ्या विश्वासणाऱ्यांना याजकगण म्हणते.

मंडळीच्या पुढाऱ्याची पात्रता मोजायचे मापही बदलले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्षासाठी यादी आहे: एका बायकोचा नवरा, आतिथ्य करणारा, दारूत न बुडालेला, पैशाचा लोभ नसलेला, आपले घर नीट चालवणारा. लेवीयच्या व्यंगांच्या यादीशेजारी ही ठेवून पाहावी. तिथे बाप आणि शरीर मोजले जात होते, इथे वागणूक आणि गावातली पत मोजली जाते.

मंदिराचा धागा पौल दोन ठिकाणी हलकेच ओढतो. मंदिरात सेवा करणारे मंदिरातले खातात, तसे सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर जगावे, असे करिंथकरांना लिहितो. रोमकरांना लिहिताना आपल्या प्रचारकार्यालाच याजकाच्या सेवेची उपमा देतो. दोन्हीकडे ती उपमाच आहे, पदवी नाही.

उपमा पद बनते

साधारण इ.स. 96 मध्ये रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला एक लांब पत्र लिहिले. ते क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते. करिंथमध्ये काही जणांनी वडिलांना पदावरून दूर केले होते. पत्र त्यांना समजावते की जुन्या व्यवस्थेत महायाजक, याजक, लेवी आणि सामान्य माणूस यांची जागा आणि काम ठरलेले होते, तसे आपल्यातही प्रत्येकाने आपल्या जागी राहावे. अहरोनाच्या फुललेल्या काठीची कथाही त्यात येते. बिशप म्हणजे महायाजक असे क्लेमेंट म्हणत नाही. त्याला शिस्त हवी आहे आणि शिस्तीसाठी त्याला मंदिराचा दाखला सापडतो.

त्याच सुमाराच्या ‘दिदाखे’ या छोट्या नियमग्रंथाला उपजीविका हवी आहे. खळ्यातले, द्राक्षकुंडातले, कळपातले पहिले फळ संदेष्ट्यांना द्या, कारण तेच तुमचे महायाजक, असे तो सांगतो. इ.स. 110 च्या आसपास अंत्युखियाचा इग्नेशियस एक बिशप, त्याच्याभोवती प्रेस्बिटर आणि मदतीला डीकन ही रचना ठामपणे मांडतो. तीन पायऱ्या तयार झाल्या. महायाजक, याजक आणि लेवी यांच्या तीन पायऱ्यांशी त्यांची जोडी लावायला आता वेळ लागणार नव्हता.

इ.स. 200 च्या सुमारास कार्थेजचा टर्टुलियन बिशपला प्रमुख याजक म्हणतो आणि त्याच लेखणीने दुसरीकडे विचारतो की आम्ही सामान्य लोकही याजक नाही का? कोरहाचा प्रश्न पुन्हा आला, या वेळी एका कडव्या ख्रिस्ती लेखकाच्या तोंडून. तिसऱ्या शतकात सीरियातला ‘दिदास्कालिया’ हा ग्रंथ बिशप म्हणजे तुमचे महायाजक असे थेट लिहितो.

सिप्रियनपर्यंत येता येता उपमा कायद्यासारखी वापरली जाऊ लागली. एका माणसाने मृत्युपत्रात एका प्रेस्बिटरला पालक म्हणून नेमले होते. सिप्रियनने हरकत घेतली: लेव्यांना जमिनीत वाटा दिला नव्हता तो त्यांनी व्यवहारात गुंतू नये म्हणूनच, तेव्हा चर्चच्या सेवकालाही अशा जबाबदाऱ्यांत ओढू नये. फुटून वेगळी मंडळी काढणाऱ्यांवर तो कोरहाची कथा उगारतो. या सगळ्याच्या मुळाशी एक मोठा बदल आहे. भाकर आणि द्राक्षारसाचे भोजन आता अर्पण म्हणून, यज्ञ म्हणून समजले जाऊ लागले होते. जिथे वेदी आणि यज्ञ आहे तिथे याजक लागतोच. मंदिर उभे असते तर ही भाषा इतक्या सहज वापरता आली असती का, याची शंका आहे. मूळ पदाचे दावेदार सेवेतून बाजूला झाले होते आणि जागा मोकळी होती.

चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोमने एका पत्रात आधी सिद्ध केले की प्रेषितांच्या काळी बिशप आणि प्रेस्बिटर एकच होते. मग त्याच पत्राच्या अखेरीस लिहिले की मंदिरात अहरोन, त्याचे मुलगे आणि लेवी जे होते, तेच चर्चमध्ये बिशप, प्रेस्बिटर आणि डीकन. इतिहास एक सांगतो आणि चर्चची बसलेली घडी दुसरे, हे त्याला दिसत होते. त्याने दोन्ही एका कागदावर ठेवले.

वेष रोमचा, अर्थ अहरोनाचा

कॅथलिक फादरांचा मिस्साच्या वेळचा झगा पाहून तो महायाजकाच्या वेषातून आला असे कोणालाही वाटेल. खरे तर त्यातले मुख्य कपडे रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातले नागरी कपडे आहेत. लोकांनी ते घालणे सोडले, चर्चने चालू ठेवले. मग नवव्या शतकात राबानुस माउरुससारख्या पंडितांनी एकेक वस्त्र घेऊन त्याचा अहरोनाच्या वस्त्रांशी संबंध समजावून दिला. वस्तू आधी आली, अर्थ मागाहून बसवला.

तेलाची गोष्टही अशीच. नव्या करारात पदासाठी हात ठेवणे आहे, तेल नाही. याजकाच्या हातांना तेल लावण्याची रीत पश्चिमेत फ्रँक लोकांच्या प्रदेशात आठव्या शतकात रुजलेली दिसते. दशांश इ.स. 585 च्या माकोनच्या धर्मसभेने आग्रहाने मागितला आणि फ्रँक राजा शार्लमेनने 779 मध्ये त्याला राजाज्ञेचे बळ दिले. मोशेचा दशांश आता युरोपातल्या शेतकऱ्याच्या पेंढ्यांतून वसूल होऊ लागला.

सगळ्यांत चमत्कारिक प्रवास ब्रह्मचर्याचा आहे. इस्राएलाचा याजक लग्न करीच, कारण मुलगा झाला नाही तर पद कोणाकडे जाणार? इ.स. 385 मध्ये पोप सिरिसियसने स्पेनमधल्या एका बिशपला लिहिलेल्या पत्रात हाच दाखला उलटा वळवला. मंदिराचे याजक आपल्या पाळीच्या दिवसांत पत्नीपासून दूर राहत. ख्रिस्ती याजकाची सेवा रोजची, म्हणून त्याचा संयमही कायमचा. शिवाय त्या याजकांना वंश चालवण्याची गरज होती, इथे ती गरजच नाही.

मागच्या दाराने आलेला वंश

नियमात वंश नव्हता, तरी माणसांत तो शिरायचा थांबला नाही. मध्ययुगीन युरोपात चर्चच्या पदाबरोबर जमीन आणि उत्पन्न असे आणि लग्न झालेले पाद्री ते मुलांकडे जावे म्हणून खटपट करत. अकराव्या शतकातल्या सुधारकांनी याविरुद्ध मोहीम उघडली. 1139 च्या दुसऱ्या लॅटरन सभेने पाद्र्यांची लग्ने रद्दबातल ठरवली आणि त्यांच्या मुलांना वेदीच्या सेवेपासून दूर ठेवले, मठात गेलेल्यांचा अपवाद करून.

पूर्वेकडे काही ठिकाणी वंश उघडच चालला. पूर्वेच्या चर्चमध्ये, म्हणजे असिरियन ख्रिस्ती लोकांत, पंधराव्या शतकाच्या मध्यापासून पॅट्रिआर्कचे, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूचे, पद काकाकडून पुतण्याकडे जाई. ही साखळी 1975 मध्ये मार एशाई शिमुन यांच्या हत्येने तुटली आणि 1976 मध्ये त्या घराण्याबाहेरचा पॅट्रिआर्क निवडला गेला. केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती समाजात अर्चडीकनचे पद पकलोमट्टम घराण्यात चाले. 1653 मध्ये पोर्तुगीज वर्चस्वाविरुद्ध घेतलेल्या कूनन कुरिशु शपथेनंतर जे मार थोमा पहिले या नावाने बिशप झाले तेही याच घराण्यातले. इथिओपियातल्या चर्चने तर मंदिराची आठवण सगळ्यांपेक्षा जवळ ठेवली आहे. प्रत्येक चर्चमध्ये कराराच्या कोशाची आठवण देणारा ‘ताबोत’ असतो आणि याजकांखेरीज त्याला कोणी हात लावत नाही.

लुथर, ट्रेंट आणि नागपूर

1520 मध्ये मार्टिन लुथरने जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत पेत्राच्या पत्राचा आधार घेतला आणि म्हटले की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे, पाळकाचे वेगळेपण फक्त कामाचे. कॅल्व्हिनने 1541 मध्ये जिनिव्हाच्या चर्चसाठी चार पदे ठरवली: पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन. त्यांत वेदी नव्हती. सभास्थानाच्या वडीलमंडळाशी हे चित्र पुन्हा जवळ आले. 1563 मध्ये ट्रेंटच्या सभेने कॅथलिक बाजू बांधली: यज्ञ आहे म्हणून दृश्य याजकपद आहे आणि ते ख्रिस्ताने स्थापले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने 1964 मध्ये सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपद ठळकपणे मांडले, पण दीक्षित याजकपद त्याहून केवळ मात्रेने नव्हे तर स्वरूपानेच वेगळे आहे हेही सांगितले.

मराठी ख्रिस्ती लोकांत या दोन्ही धारा शेजारी वाहतात. वसईत ‘फादर’ मिस्सा अर्पण करतात. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेत ‘पाळकसाहेब’ उपदेश करतात आणि मंडळीचे ‘वडील’ कारभार पाहतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत बिशप मानणारे अँग्लिकन होते आणि बिशपशिवाय वडीलमंडळावर चालणारेही होते. नव्या चर्चने तीन पदे ठेवली: बिशप, प्रेस्बिटर आणि डीकन. मधल्या पदाला याजक न म्हणता नव्या करारातले वडीलपणाचे नाव दिले, म्हणजे दोन्ही बाजूंना ते आपले म्हणता आले.

हिशेब

यहुदी लोकांनी इ.स. 70 नंतर वेगळी वाट धरली. धर्माचे नेतृत्व रब्बींकडे, म्हणजे शिकलेल्यांकडे गेले. पण अहरोनाचा वंश, ‘कोहेन’, विसरला गेला नाही. आजही सभास्थानात तोराह वाचायला पहिला मान कोहेनचा. पहिल्या मुलाच्या सोडवणुकीची पाच नाणी तोच घेतो, सणाला आशीर्वाद तोच देतो. परंपरेने वागणारा कोहेन घटस्फोटितेशी लग्न करत नाही आणि दफनभूमीपासून दूर राहतो. अलिबाग-पेण भागातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांत धार्मिक विधी ‘काजी’ चालवत. समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या घराण्यांचा मान अहरोनाच्या रक्तावर उभा नव्हता. डेव्हिड राहाबी या यहुदी शिक्षकाने दिलेल्या शिक्षणातून तो आला होता.

म्हणजे मंदिर जळाल्यावर एका पदाचे दोन तुकडे झाले. यहुदी परंपरेकडे वंश राहिला, वेदी गेली. ख्रिस्ती परंपरेने वेदीची भाषा घेतली, वंश सोडला. क्लेमेंटला शिस्त हवी होती, दिदाखेला अन्न, सिप्रियनला एकजूट आणि यज्ञ, सिरिसियसला संयम. ज्याला जे हवे होते ते त्याने अहरोनाकडून घेतले. म्हणून चर्चमध्ये कोणी दशांशासाठी, अधिकारासाठी किंवा गप्प बसवण्यासाठी अहरोनाचे नाव घेतले, तर वाचकाने एवढेच विचारावे की जुन्या व्यवस्थेतला नेमका कोणता तुकडा पुढे केला आहे आणि कोणता झाकून ठेवला आहे. ज्याने दशांशाचा नियम वाचला, त्याने त्याच पानावर लेव्यांना जमीन नव्हती हेही वाचलेले असते.